काकवीची अंडी: क्रेस्टेड गेको पैदाशीच्या नोंदी

१२ जानेवारी

कारखान्यात प्रत्येक मशीनला एक वही असते. तेल कधी बदललं, बेअरिंग कधी गेलं, पाळीला कोण होतं, सगळं त्यात. घरी गेकोंची पैदास करायची ठरवली तेव्हा पहिली खरेदी तसल्याच एका वहीची झाली.

नर एक: पैलवान, ४१ ग्रॅम. माद्या दोन: काकवी ४३ ग्रॅम, हळद ३८ ग्रॅम. माद्यांची नावं रंगावरून, त्याचं चालीवरून. तिघंही क्रेस्टेड गेको. आपल्या भिंतीवरच्या पालीची लांबची भावकी, पण मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडचं न्यू कॅलेडोनिया बेट. १८६६ मध्ये शास्त्रात नोंद झाली, पुढं हा प्राणी संपला असंच धरून चालले होते आणि १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला. आता तिथून बाहेर न्यायला बंदी आहे. म्हणजे जगभर डब्यांतून आणि काचेच्या पेट्यांतून वाढणारे हे सगळे जीव थोड्याच पूर्वजांचे वंशज. म्हणून विकणाऱ्याला विचारलं होतं, "तिघं भावंडं नाहीत ना?" तो म्हणाला, "छे, वेगळी लाइन आहे." कागद मागितला तर साधी पावती दिली, तीन नग लिहून.

हिशेब असा मांडलाय. एक मादी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण महिना-सव्वा महिन्यानं पुन्हा दोन. सात खेपा धरल्या तर दोन माद्यांची २८ अंडी. अर्धी जगली तरी १४ पिल्लं. खाद्य, पेट्या, तापमापक यांचा खर्च निघून वर काही उरेल.

आईनं वही वाचली. म्हणाली, "बाजारात तुरी, आन् भट भटणीला मारी."

२१ जानेवारी

काल रात्री पैलवानाला काकवीच्या पेटीत सोडलं. अर्धा तास नुसती आवाजाआवाजी. सकाळी तिच्या मानेवर दातांचे ठसे. नर मान तोंडात धरतो हे वाचलं होतं, तरी बघताना बरं वाटलं नाही. जखम खोल नाही. उद्या हळद.

२ मार्च

पहिली खेप. काकवीनं रात्रभर ओल्या कोकोपीटच्या डब्यात उकराउकर केली आणि तळाशी दोन पांढरी अंडी पुरली. शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी. वरच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक खूण केली, कारण ज्या बाजूनं पडलीत त्याच बाजूनं ठेवावी लागतात. कोंबडीच्या अंड्यासारखी फिरवायची नाहीत. आतला गर्भ कवचाला चिकटतो, अंडं उलटलं तर गुदमरू शकतो.

अंडी ठेवायला नर्सरीतून परलाइट आणलं, ओल धरून ठेवणारे पांढरे हलके खडे. पाणी एवढंच की मुठीत दाबलं तर ओलं लागावं पण निथळू नये. २४ ते २५ अंश, दोन ते तीन महिने. थंडीत ठेवली तर त्याहून जास्त.

२७ मार्च

हळदनं १८ ला घातलेली दोन अंडी पिवळी पडली. मोबाइलचा टॉर्च मागं धरून पाहिलं. काकवीच्या अंड्यांत गुलाबी उजेड आणि लाल रेघांचं जाळं दिसतं, यात नुसता पिवळा पडदा. रिकामी. आज बुरशी चढली, काढून टाकली.

१९ एप्रिल

आज लांब लिहिणार आहे, कारण आज माझा मूर्खपणा आहे.

हे प्राणी २२ ते २६ अंशांत सुखी असतात. २८ च्या वर अस्वस्थ होतात आणि तिशीच्या पुढं बराच वेळ गेला तर मरूही शकतात. आणि मी त्यांना ठेवलंय कुठं, तर शुक्रवार पेठेतल्या घराच्या माळ्यावर, थेट स्लॅबखाली. जानेवारीत ती खोली गार होती. कोल्हापुरात एप्रिलात पारा ३८ ला टेकतो हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी हिशेबाच्या पानावर "थंडावा" असा खर्चाचा रकानाच नाही.

आठवडाभर कूलर लावून २८ वर थोपवत होतो. कूलरचं खरं म्हणजे असं, की हवा कोरडी असेल तोवरच तो काम करतो. वळीव पडून गेला की हवा दमट होते आणि कूलर नुसता पंखा उरतो. काल संध्याकाळी वळीव झाला. आज दुपारी वीज गेली ती साडेतीन तास आलीच नाही. मी उद्यमनगरात पाळीवर. बायकोचा फोन आला, "वरच्या खोलीत ३४ दाखवतंय, काय करू?" तिनं फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पेट्यांच्या वर ठेवल्या. तिनंच वाचवलं. मी पोचलो तेव्हा पैलवान तोंड उघडं टाकून पेटीच्या तळाशी पडला होता. हळद काचेला चिकटलेली, रंग फिका. पाण्याचा फवारा मारला, तासाभरानं हलायला लागले.

अंड्यांचं आत्ता काही कळणार नाही. एकूण चार होती: मार्चची दोन आणि काकवीनं ५ एप्रिलला घातलेली दोन.

रात्री सगळं खाली आणलं. तळमजल्यावर आईच्या खोलीच्या मागं कोब्याची जुनी अडगळीची खोली आहे, भिंती दगडी. आत्ता रात्री दहाला तिथं २६. अंडी थर्माकोलच्या खोक्यात, कडेला बर्फाची बाटली. बाटली दर सहा तासांनी बदलायची. रात्री दोनचा गजर लावलाय.

आई म्हणाली, "घरातली पाल आपण झाडूनं हाकलायची, आन् ह्या पाहुण्यांना बर्फ?" उत्तर नव्हतं.

३० एप्रिल

५ तारखेच्या दोनपैकी एक अंडं आत बसलं. टॉर्चमध्ये जाळं दिसत नाही, काळपट डाग दिसतो. गेलं. बाकी तीन ठीक. हळदची नवीन दोन अंडी (२२ एप्रिल) चांगली, लाल जाळं स्पष्ट.

१६ मे

फुटलं! परवा पहाटे दोनला बाटली बदलायला उठलो तर खोक्यात एक पिल्लू माझ्याकडं बघत उभं. दीड ग्रॅम. दुसरं १५ ला निघालं. पहिली कात चोवीस तासांत टाकून स्वतःच खातात, मग तीन-चार दिवस काही खात नाहीत. हे माहीत असूनही मी दोन दिवस चमचा घेऊन मागं लागलो होतो.

धाकटीनं पहिल्याचं नाव साखर ठेवलं. हात लावायच्या आधी आणि नंतर साबण, हा नियम भिंतीवर चिकटवलाय. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो आणि पाच वर्षांच्या पोरीचा हात तोंडातच असतो.

२३ मे

मुंग्या. यांचं खाद्य म्हणजे फळांची पावडर, एक भाग पावडर आणि दोन भाग पाणी. गोड. ज्या गावात गुळाची ढेप उघडी ठेवली तर तासाभरात मुंग्यांची रांग लागते, त्या गावात मी रात्रभर वाट्यांमधून फळांचा लगदा ठेवतोय. आज पिल्लांच्या डब्यात मुंग्या शिरल्या. साखरच्या शेपटीला डसल्या असाव्यात, तिनं शेपूट टाकली.

आपल्या पालीची शेपूट पुन्हा येते. क्रेस्टेडची येत नाही. नऊ दिवसांचं पिल्लू, आता आयुष्यभर बुटकं. आयुष्य म्हणजे पंधरा-वीस वर्षं. (त्यांच्या बेटावरही बाहेरून आलेल्या एका जातीच्या मुंगीनं त्यांना छळलंय. दोन्हीकडं मुंगीच.)

डब्यांच्या पायांखाली पाण्याच्या बश्या ठेवल्या, आजी दुधाच्या कपाटाला ठेवायची तशा.

१० जून

काकवी ठीक नाही. तिसरी खेप ९ मे ला झाली, तेव्हापासून बारीक होत होती. मला वाटलं उन्हाळा. काल ती काचेवर चढायच्या ऐवजी तळाशी सरकत होती आणि मागचे पाय थरथरत होते. तोंड हळूच उघडून पाहिलं. या जातीच्या टाळूवर दोन बाजूंना पांढऱ्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियम साठतं. अंड्याचं कवच तिथून आणि हाडांतून बनतं. निरोगी मादीच्या पिशव्या खडूसारख्या पांढऱ्या दिसतात. काकवीच्या जवळजवळ रिकाम्या.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हशींचे आणि कुत्र्यांचे. माणूस प्रामाणिक. म्हणाले, "ह्याचं वजन किती?" "३४ ग्रॅम." "मी ३४ किलोच्या खालच्या जनावराला शेवटचं इंजेक्शन कधी दिलंय, आठवत नाही." मग त्यांनीच पुण्यातल्या एका डॉक्टरांना फोन लावला, डोस विचारला, इन्सुलिनच्या सुईनं मोजून तोंडावाटे कॅल्शियम दिलं. रोज द्यायचं. पुन्हा गरज पडली तर पुणं, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर, डब्यात बर्फाची बाटली घालून.

पावडरमध्ये कॅल्शियम असतं म्हणून मी वेगळं देत नव्हतो. रातकिडे नियमित मिळत नाहीत, दुबिया झुरळांची पेटी आईनं दारातूनच परत पाठवली होती. म्हणजे कॅल्शियम लावलेला जिवंत किडा महिन्यातून दोनदा. त्यावर ती दर पस्तीस दिवसांनी दोन अंडी घालत राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पैलवानाला दोघींपासून कायमचं वेगळं केलं. हंगाम संपला, असं वहीत लिहिलं.

१९ जून

५ एप्रिलचं उरलेलं अंडं फुटलं. पिल्लू जिवंत, पण शेपटीला दोन ठिकाणी गाठ आणि पाठीला किंचित वाक. उन्हानं? आईच्या कमी कॅल्शियमनं? की विकणाऱ्याची "वेगळी लाइन" एकाच घरातली? कारण कुठलंही असो, हे विकायचं नाही. म्हणजे हे माझं.

२ जुलै

हळदची २२ एप्रिलची दोन्ही फुटली. पिल्लं पाच. डबे पाच, कारण एकत्र ठेवली तर एकमेकांच्या शेपट्या चावतात.

एका माणसाचा फोन आला, तोही पैदास करतो. म्हणाला, लिली व्हाइट जातीची जोडी घे, पैसे त्यातच आहेत. पांढऱ्या रंगाची ही जात सुंदर दिसते खरी. पण दोन लिली व्हाइट एकमेकांना लावले तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला तो जनुक दोन्हीकडून मिळतो, आणि असं पिल्लू अंड्यातच किंवा निघाल्यावर लगेच मरतं. "चारातलं एक गेलं तर काय, तीन राहतात की," तो म्हणाला. बाटली बदलायचीय सांगून फोन ठेवला.

५ जुलै

हळदनं काल पुन्हा दोन अंडी घातली. नर महिनाभर वेगळा आहे. मादी वीर्य महिनोन् महिने साठवून ठेवते, हे वाचताना मी ती ओळ "सोय" म्हणून अधोरेखित केली होती.

२५ जुलै

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. राजाराम बंधाऱ्यावर नदी ३९ फुटांची इशारा पातळी कधीच ओलांडून गेली, आता ४३ च्या धोक्याकडं. आमच्या गल्लीत आकडे कुणी विचारत नाही, फक्त "वाढतंय का थांबलंय" एवढंच. २०१९ ला आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी होतं, २०२१ ला सहाव्या.

आणि उन्हापासून वाचवायला मी सगळं तळमजल्यावर आणून ठेवलंय.

आईच्या आधी तिची ट्रंक, मग गॅसची टाकी, मग धान्य, मग गेको असा क्रम ठरला. तीन मोठ्या पेट्या, पिल्लांचे सहा डबे (९ मे च्या खेपेतलं एकच निघालं, परवा) आणि अंड्यांचं खोकं. खोक्यात सहा अंडी: हळदची २८ मे ची आणि ४ जुलैची, काकवीची २० जुलैची. काकवीनं ती घातली तेव्हा मला रडू आलं होतं. कवच इतकं पातळ की बोटाचा ठसा उमटला.

खोकं जिन्यावरून नेताना हलवायचं नाही, तिरकं करायचं नाही. मिट्ट अंधार, वीज बंद, पायऱ्या शेवाळलेल्या. बायको पुढं टॉर्च धरून, मी मागं ताट धरल्यासारखं खोकं धरून. शेजारचे काका त्यांच्या गच्चीवरून ओरडले, "काय रं, देव हलवतोयस काय?" म्हटलं, "होय."

पावसाळ्यात वर उकाडा नाही, एवढं नशीब. २५ अंश.

३१ जुलै

पाणी पाचव्या दिवशी उतरलं. तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. अडगळीच्या खोलीत वीतभर चिखल. काकवीची दोन्ही अंडी आत बसली. हळदची चारही जाळं दाखवतायत.

९ ऑगस्ट

विक्री. यावर कितीही लिहिलं तरी कमीच.

"जोडीच पाहिजे, नर-मादी." दोन महिन्यांच्या पिल्लाचं लिंग कळत नाही, नराचा फुगवटा दिसायला सहा ते नऊ महिने लागतात. मी हे सांगितलं की समोरच्याला मी भामटा वाटतो. "आम्ही दुसरीकडं घेतली, त्यानं सांगितलं ना नर आहे म्हणून."

"एसी लागतो? मग नको."

"काय खातंय? झुरळं? घरात देवाचं आहे."

आणि सर्वात वाईट फोन. बाहेरगावचा आवाज, दबका. "तीनशे ग्रॅमच्या वरची आहे का? वजनावर भाव. लाखात." त्याला टोके गेको हवा होता. पालीपासून कर्करोगाचं, एड्सचं औषध बनतं ही थाप कित्येक वर्षं फिरतेय आणि तिच्या पायी ईशान्येकडच्या जंगलांतून टोके पकडून नेतात. २०१९ मध्ये तो साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, आपल्याकडंही त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मी सांगितलं, माझी ४० ग्रॅमची आहे, तिच्यानं कुठला रोग जात नाही. तो म्हणाला, "फोटो तरी पाठवा." त्यानंतर अनोळखी नंबर उचलताना छातीत धस्स होतं. घरात एवढ्या पाली आहेत ही बातमी आपण आपल्या हातानं गावभर केलीय.

कायद्याचंही मनात घोळतंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. २०२४ च्या नियमांप्रमाणे साइट्स यादीतला परदेशी प्राणी घरात असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पुढं जन्म, मृत्यू, कुणाला देणं, सगळं कळवायचं. माझ्या मित्रानं त्याच्या आफ्रिकन ग्रे पोपटासाठी ते केलं. याद्या बदलत राहतात, टोकेचं झालं तसं. उद्या कुणी दारात येऊन "यांचे आईबाप देशात आले कुठून" विचारलं तर माझ्याकडं एक पावती आहे, तीन नग लिहिलेली.

१४ ऑगस्ट

२८ मे च्या दोनपैकी एक फुटलं. दुसरं पूर्ण वाढून कवचातच मेलेलं. उघडून पाहिलं, पायांची बोटंसुद्धा झाली होती. पुन्हा उघडून बघणार नाही.

६ सप्टेंबर

तीन पिल्लं विकली गेली. दोन सांगलीच्या एका शिक्षकाकडं, घरी जाऊन पेटी बघून आलो. एक इथल्याच कॉलेजच्या मुलाला.

त्यानं आज परत आणून दिलं. महिनाभरात हाडं दिसायला लागली. "सर, खातच नाही." खाद्य काय देत होतास? "केळं. आणि बाळाचं सेरेलॅक." पावडर का नाही? "दोन दिवसांचा पॉकेटमनी जातो सर." त्याच्यावर चिडायला गेलो आणि आठवलं, पैसे मोजून घेताना मी खाद्याबद्दल दोनच वाक्यं बोललो होतो, कारण गिऱ्हाईक हातचं जाईल अशी धास्ती होती. पैसे परत केले. पिल्लू पुन्हा डबा नंबर चारमध्ये.

१७ सप्टेंबर

४ जुलैची दोन्ही निघाली. निरोगी. बायकोनं विचारलं, "आता किती?" मी मोठ्यानं मोजलं नाही.

वहीच्या मागच्या पानावर मोजलं. निघालेली नऊ, घरात सात, मोठी तीन. दहा डबे, रोज संध्याकाळी दहा वाट्या, रोज दहा फवारे. एक वाकडं, एक बुटकं. ही सगळी पंधरा वर्षं जगली तर धाकटी वीस वर्षांची होईल. खर्चाचा रकाना आता दोन पानं व्यापतो, जमेचा चार ओळींत संपतो, त्यातली एक खोडलेली.

९ ऑक्टोबर

ऑगस्टच्या शेवटी काकवीनं पुन्हा दोन घातली होती, ती लिहायची राहिली. काल आणखी दोन. नर चार महिने वेगळा. तिचं वजन ३९ वर आलंय, टाळूच्या पिशव्या पुन्हा पांढऱ्या, कवच आता घट्ट. कॅल्शियम रोज चालू आहे. म्हणजे मी तिला बरं केलं आणि ती बरी झाल्यावर जे करायचं तेच करतेय. मध्ये थंडीचे दोन-तीन महिने १८-२० अंश मिळाले की अंडी थांबतात म्हणतात. आपल्याकडं तेवढी थंडी डिसेंबर-जानेवारीत रात्रीपुरती पडते.

दोन्ही खेपा घातल्या त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवल्या, आत काही धरायच्या आधी. प्लॅस्टिकच्या डबीत, वर तारीख. आज आई मटार काढायला गेली, डबी हातात घेऊन म्हणाली, "हे काय?"

"काकवीची अंडी."

तिनं डबी होती तिथं ठेवली आणि मटार घेऊन गेली. संध्याकाळी काकवीच्या पेटीपुढं उभी दिसली. तिला म्हणत होती, "बाई, बास कर आता."